चार इंच कुठले? आतले की बाहेरचे?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ४ इंची रबरी कपलिंगबाबत तक्रार

महोदय,

शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची ड्रेनेज लाईन चिनीमातीच्या पाईपची. मे महिन्यात मधला एक पाईप फुटला. प्लंबरने तेवढा तुकडा काढून ११० मि.मी.चा पीव्हीसी घातला आणि दोन्ही टोकांना तुमची रबरी कपलिंगं बसवली. खोक्यावर ठळक छापलंय : ‘४ इंच. कोणताही पाईप कोणत्याही पाईपला.’

चिनीमातीच्या पाईपचं ४ इंच हे आतलं माप. अंगाने जाड असल्यामुळे बाहेरून तो पीव्हीसीपेक्षा चांगलाच मोठा भरतो, आणि कपलिंग तर बाहेरूनच बसतं! एकीकडे ते ताणून चढवलं, दुसरीकडे ढिलं राहिलं; क्लॅम्प आवळून आवळून रबराला चुण्या पडल्या. दोन वेगळ्या मापांच्या तोंडांचं कपलिंग तुम्हीच विकता, हे आम्हाला कळलं गणपतीनंतर.

गणपतीनंतर, कारण ऐन गौरी जेवणाच्या दिवशी लाईन तुंबली. घरात पाहुणे. पुढचं लिहीत नाही.

उकरलं तर चरातली माती पावसाने बसलेली, तिच्याबरोबर पीव्हीसी अर्धा इंच खचलेला. खालच्या सांध्यात पायरी झाली होती आणि सगळी घाण तिथेच अडकली होती.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं, दोष मातीचा. पाईपखाली वाळू घालून नीट धुमसायला हवं होतं, हे मान्य. मग तेवढं खोक्यावर छापा की! नुसतं रबर पाईपचं वजन पेलत नाही. जमिनीत, खाली पक्का आधार असेल तिथेच ते चालतं. स्लॅबखाली टांगलेल्या लाईनला वरून स्टीलचा पत्रा असलेलंच लागतं. आमचा प्लंबर उरलेलं तिसरं बाथरूमखाली लावायला निघाला होता, वेळीच थांबवला. त्याची तरी काय चूक? तो कन्नड वाचतो, मराठी वाचतो. तुमचं पत्रक फक्त इंग्रजीत, आणि त्यातही स्क्रू कसा फिरवायचा एवढंच.

तिन्ही कपलिंगचे पैसे, उकरण्याची मजुरी आणि योग्य मापाची दोन कपलिंगं १५ दिवसांत मिळावीत. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाईन. बिलं आणि फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर मराठीत द्या किंवा कन्नडमध्ये, चालेल.

आपला,
एक ग्राहक
शहापूर, बेळगाव