वजनं उचलायला शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या आणि मला काकू म्हणता, तरी मी तुम्हाला मॅडमच म्हणणार. समोर बोलायला गेले की तुम्ही ‘चला, पुढचा सेट’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. चालणं आधीपासून होतंच, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जोडीला वजनं उचला. मी आले ती कुरकुरतच. या वयात डंबेल!

तुम्ही आधी रक्तदाब आणि गुडघ्यांची चौकशी केलीत आणि डंबेलऐवजी खुर्ची पुढे केलीत. हात न टेकता उठायचं, बसताना धपकन बसायचं नाही, मनात तीन आकडे मोजत खाली यायचं. उठणं जमलं, खाली येतानाच मांड्या लटलट कापायला लागल्या. तुम्ही मांडीवर बोट ठेवून म्हणालात, “काकू, साखरेचं कोठार हे. ते वापरात ठेवायचं.”

मग दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत तुम्ही जे समजावलंत, ते तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायू. ते इन्सुलिनला दाद देईनासे झाले की साखर रक्तातच रेंगाळते. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत घेतो आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. शिवाय वयाबरोबर स्नायू झिजतात, नुसत्या चालण्याने ते पुरेसे भरून येत नाहीत.

तुमचं लक्ष मात्र भारी! पाठमोऱ्या उभ्या असतानाही “काकू, श्वास कोंडला” म्हणून ओरडता. जोर लावताना श्वास सोडायचा, नाहीतर रक्तदाब एकदम चढतो, हे आता अंगवळणी पडलंय. दहा-बारा वेळा नीट जमल्याशिवाय वजन वाढवू देत नाही. कसली पावडर गळ्यात मारली नाहीत, ‘साखर पळवून लावते’ असलं काही बोललाही नाहीत. मला सर्वांत जास्त भरवसा वाटला तो यामुळे.

परवाचा आकडा ५.८ आलाय. जेवणही बदललंय, तेव्हा सगळं श्रेय तुम्हालाच देत नाही, रागावू नका. पण जड पिशव्या घेऊन मी न थांबता जिना चढते, ते निव्वळ तुमच्यामुळे. मनापासून आभार.

आणि हो, पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीला घेऊन येते. तिचीही शुगर बॉर्डरलाइनवर आहे. उजवा खांदा दुखतो, तो ती तुमच्यापासून लपवेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुमची,
सकाळच्या बॅचमधली काकू