व्हिएतनाम की कंबोडिया : आधी महिना पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी सहलींविषयी जो लेख आला, त्यात 'आठ दिवसांत व्हिएतनाम आणि कंबोडिया' हा बेत मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारा म्हणून सुचवला आहे. नेमका हाच बेत आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत केला. मी, पत्नी, माझी ७९ वर्षांची आई, मुलगी आणि पाचवीत शिकणारी नात असे पाच जण गेलो होतो. परत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, हे दोन देश नकाशावर खेटून असले तरी एका सुट्टीत जोडण्यासारखे नाहीत. त्यांपैकी एकच निवडावा, आणि तो निवडताना विमानाच्या तिकिटाआधी शाळेची सुट्टी कोणत्या महिन्यात पडते ते पाहावे. लेखात खर्चाचा तक्ता होता, महिन्याचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता, म्हणून हे पत्र.

मुंबईत नवरात्र सरले की छत्र्या माळ्यावर जातात, त्यामुळे दिवाळीत परदेशी निघालेल्या माणसाच्या मनात पावसाचा विचारही येत नाही. कंबोडियाच्या बाबतीत हा आडाखा बऱ्यापैकी बरोबर ठरतो, कारण तिथला पाऊस आपल्यासारखाच नैऋत्येकडून येतो आणि ऑक्टोबर सरता सरता ओसरू लागतो. व्हिएतनामच्या मधल्या किनारपट्टीवर, म्हणजे हुए, दा नांग आणि होई आन या भागात, हिशोब उलटा आहे. सह्याद्रीमुळे कोकण आणि देश यांच्या पावसात जसा फरक पडतो, तसाच तिथे त्रुओंग सोन डोंगररांगेमुळे पडतो. नैऋत्येचा पाऊस बहुतांशी डोंगरापलीकडे, लाओसच्या बाजूला पडून जातो, आणि सप्टेंबरनंतर वारे ईशान्येकडून वाहू लागले की समुद्रावरची वाफ याच किनाऱ्यावर रिती होते. चेन्नईचे पावसाळी महिने तेच होई आनचे, आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत ओले.

आम्ही होई आनला पोहोचलो त्या दुपारी थू बोन नदी काठ सोडून जुन्या पेठेत शिरली होती. कागदी आणि रेशमी कंदिलांचे जे रस्ते पाहायला लोक तिथे जातात, त्या रस्त्यांवरून होड्या चालल्या होत्या. दुकानदार खालच्या मजल्यावरचे सामान सावकाश वर चढवत होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर धांदल नव्हती, कारण हे त्यांना दरवर्षीचे आहे. दुसऱ्या दिवशी पाणी थोडे उतरल्यावर एका जुन्या व्यापारी घरात जाता आले. तिथे भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढले याच्या खुणा वर्षासकट नोंदवून ठेवल्या आहेत. आमच्या इमारतीच्या जिन्यात २६ जुलै २००५ ची एक पुसट रेघ अजून आहे, तिची आईला आठवण झाली. पण भिंतीवरची पुराची रेघ आम्हाला कुर्ल्यातही फुकट पाहता येते, त्यासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नव्हते. सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसापुढे 'मोकळा वेळ' असे लिहिलेले होते.

या पावसात सर्वांत मोठे नुकसान झाले ते 'मी सॉन' या ठिकाणाचे. होई आनपासून तासाभराच्या अंतरावर, एकेकाळी या किनाऱ्यावर असलेल्या चंपा राज्याची ही शिवमंदिरे आहेत. चौथ्या ते तेराव्या शतकांदरम्यान ती बांधली गेली आणि १९६९ साली अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतली बरीच कोसळली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अलीकडच्या काळात तिथे जीर्णोद्धाराचे काम केले, आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. व्हिएतनामच्या नेत्याने शिवछत्रपतींपासून प्रेरणा घेतल्याचा संदेश आपल्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर दरवर्षी फिरतो. मला आलेल्या अशा एकाही संदेशात कसलाही संदर्भ नव्हता. भारताशी खरे नाते ज्या विटांमध्ये पाहायला मिळते, त्या विटा मात्र आम्हाला पावसामुळे पाहता आल्या नाहीत.

आता दोन देश जोडण्याविषयी. आमचा मार्ग असा होता की हनोईला उतरायचे, 'हा लाँग' उपसागर आणि होई आन पाहून कंबोडियातल्या सिएम रीपला जायचे, आणि हो चि मिन्ह सिटीवरून मुंबईला परतायचे. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा प्रवेश. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलरला मिळतो, आणि सहल कंपनीने पाचही जणांचा २५ डॉलरवाला काढला होता. सिएम रीपच्या विमानतळावर खिडकीमागच्या मुलीने पाचही पारपत्रे पुन्हा पुन्हा उलटून पाहिली, व्हिसाच्या कागदावरच्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि सगळा गठ्ठा नम्रपणे परत केला. आई सामानाच्या ढकलगाडीवर बसून होती. कंपनीच्या माणसाला फोनवर हे समजावून सांगण्यात माझी पाऊण तास शक्ती गेली, आणि नवा व्हिसा येईपर्यंत आम्हाला एक दिवस तिथेच काढावा लागला. हो चि मिन्ह सिटी आणि तिथले युद्धकाळातले कू चीचे बोगदे अर्थातच हुकले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझी तक्रार माणसांविषयी नाही, या बेताविषयी आहे.

गंमत अशी की सक्तीने मिळालेला तो एक दिवसच सहलीतला सर्वांत चांगला दिवस ठरला. मूळ कार्यक्रमात सिएम रीपजवळच्या अंकोरच्या प्राचीन मंदिरांसाठी एकच दिवस होता. अंकोरचा एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरचा आहे. आम्ही ३७ चा घेतलेला असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा ३७ मोजले, म्हणजे तीन दिवसांच्या पासापेक्षा माणशी १२ डॉलर जास्त भरून एक दिवस कमी पाहिला. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, फक्त पारपत्र दाखवावे लागते, हे नातीमुळे कळले. त्याच वयाच्या मुलांना अंकोरवाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र सोडत नाहीत, आणि तिथला जिना इतका उभा आहे की आईचाही प्रश्न नव्हता.

म्हणून आम्ही वर गेलो तेव्हा पणजी आणि पणती खालच्या पडवीत थांबल्या. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे, आणि त्याच्या पश्चिमेच्या पडवीत दक्षिणेकडच्या भिंतीवर कुरुक्षेत्राचे युद्ध कोरलेले आहे. तासाभराने खाली आलो तर आईने भीष्म शोधून काढला होता. बाणांवर आडवा पडलेला तो म्हातारा तिने कुणालाही न विचारता ओळखला. चातुर्मासात वर्षानुवर्षे पोथ्या ऐकलेल्या बाईला तिथे मार्गदर्शकाची गरज नव्हती. पुढे पूर्वेकडच्या पडवीत समुद्रमंथन आहे, भिंतभर वासुकी आणि त्याला ओढणाऱ्या देव-दानवांची रांग, त्यांतल्या काहींचे अंग हात लागून लागून काळे तुळतुळीत झालेले. ही शिल्पे मंदिराला डावी घालून, म्हणजे उलट प्रदक्षिणेने, पाहायची असतात, यावर आईने थोडी नापसंती दर्शवली.

दुसऱ्या दिवशी शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या बांते स्रेईला गेलो. इसवी सन ९६७ मध्ये प्रतिष्ठा झालेले हे छोटे शिवमंदिर गुलाबी वालुकाश्माचे असून त्यावरचे कोरीव काम लाकडातल्यासारखे बारीक आहे. तिथे कैलास हलवणारा रावण पाहून आई म्हणाली, "हा तर आपल्या घारापुरीचा रावण, फक्त याची नाकडोळे शाबूत आहेत." या एका वाक्यासाठी मी व्हिसाची सगळी दगदग विसरायला तयार झालो.

वृद्ध आई-वडील बरोबर असतील आणि सुट्टी दिवाळीची असेल, तर मी कंबोडियाच निवडावा असे सांगेन, तेही सुट्टीच्या उत्तरार्धात. त्या वेळी तोनले साप सरोवर काठोकाठ भरलेले असते. पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी चढले की या सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. पाणी पुन्हा सुलटे फिरते त्या सुमारास, कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास, राजधानी नॉम पेन्हला होड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव असतो. दिवाळीतच व्हिएतनामला जायचे असेल तर हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँग एवढ्यावर थांबावे, मधल्या किनाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. सुट्टी मे महिन्याची असेल तर मात्र पारडे पूर्ण फिरते. तेव्हा अंकोरचे दगड तव्यासारखे तापलेले असतात, तर दा नांगला ऊन कडक असले तरी समुद्र निवळलेला असतो.

बाकीचे मुद्दे तुलनेने किरकोळ आहेत. मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमाने आहेत, तर सिएम रीपसाठी आम्हाला चाळलेल्या सर्व तारखांना मध्ये विमान बदलावे लागत होते. बँकॉकपर्यंत स्वस्तात जाऊन तिथून बसने सीमा ओलांडण्याचा सल्ला अजूनही कुणी कुणी देतात. २०२५ च्या जुलैमध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्यानंतर त्या रस्त्याच्या भरवशावर कुणीही तिकीट काढू नये. कंबोडियात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांच्या बातम्यांमुळे आमच्याही घरी काळजीचे फोन आले होते, पण ती फसवणूक नोकरीच्या नावाने होते, परतीचे तिकीट खिशात असलेल्या पर्यटकाचा तिच्याशी संबंध आला नाही. कंबोडियात सर्रास डॉलर चालतो, मात्र जराशी फाटलेली नोटही घेत नाहीत. व्हिएतनाममध्ये २० हजार आणि ५ लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असल्याने रात्रीच्या रिक्षावाल्याला पैसे देताना डोळे उघडे ठेवावेत. शाकाहारींसाठी तिथे 'चाय' हा शब्द पुरतो, पण त्याचा अर्थ शाकाहारी असा आहे. पहाटे चहाच्या आशेने तो उच्चारल्यावर माझ्यापुढे टोफू घातलेल्या शेवयांचा वाडगा आला.

पुरवणीत पुढच्या वेळी असा लेख छापताना प्रत्येक ठिकाणापुढे योग्य महिना आणि लागणाऱ्या व्हिसाचा प्रकार एवढे दोन रकाने वाढवले, तर जागा फारशी जाणार नाही. आम्ही स्वतः येत्या मे महिन्यात फक्त दा नांगचे ठरवले आहे, पाच रात्री एकाच हॉटेलात आणि मी सॉनसाठी एक अख्खी सकाळ. आई येत नाही म्हणते. तिला पुन्हा जायचे तर कंबोडियालाच, आणि तेही त्रिपुरी पौर्णिमा धरून.

आपला,
एक नियमित वाचक
कुर्ला (पश्चिम), मुंबई