आईच्या रोजच्या गोळीविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अल्झायमरमध्ये मेंदूत दाह होतो असे वाचून आईला सांधेदुखीची गोळी रोज द्यावी का, असे तुम्ही विचारलेत. हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. ज्यांच्या घरात कोणाला हा आजार झाला होता अशा, सत्तरी गाठलेल्या सुमारे अडीच हजार लोकांवर अमेरिकेत नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या सांधेदुखीच्या गोळ्यांची चाचणी झाली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने 2004 मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि आजार टळल्याचे काही दिसले नाही.

मेंदूतल्या या दाहात मुख्य हात असतो तो त्याच्या रक्षक पेशींचा, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. गर्भात असतानाच मेंदूत येऊन वसलेल्या या पेशी आपल्या बारीक फांद्यांनी भोवताल सतत चाचपत असतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचा साठा दिसला की त्याला वेढा घालून तो पसरू देत नाहीत. ट्रेम-2 या जनुकातील एका दुर्मिळ बदलामुळे त्यांचे हे काम ढिले पडते आणि अल्झायमरचा धोका कितीतरी वाढतो, हे 2013 च्या सुमारास उघड झाले. उलट त्याच पेशी वर्षानुवर्षे चेतलेल्या राहिल्या, तर त्यांच्या रसायनांनी चेतापेशींमधले दुवे तुटू लागतात. म्हणून त्यांना सरसकट दडपणे मला धोक्याचे वाटते.

शरीरातील संसर्गाची झळ मेंदूतील या पेशींनाही लागते. लघवीच्या संसर्गात आजी दोन्ही मुलांना ओळखेनाशी झाली होती आणि ताप उतरल्यावरही पूर्वीइतकी सावरली नाही, हे आई, तुला आठवत असेल. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर वयावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

अंगावर फोड उठणारी नागीण हाही विषाणूचा संसर्गच. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये 2 सप्टेंबर 1933 पूर्वी जन्मलेल्यांना वयामुळे नागिणीची लस घेता आली नाही, त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्यांना घेता आली. या दोन गटांची तुलना 2025 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लस घेतलेल्यांत सात वर्षांतला स्मृतिभ्रंश (अल्झायमर हे त्याचे मुख्य कारण) सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळला. ती लस जुन्या प्रकारची होती, आपल्याकडे आता नवी मिळते. तरी नागिणीपासून बचाव होतो एवढ्यासाठीही ती दोघांनी घ्यावी असे मला मनापासून वाटते. डॉक्टरांना जरूर विचारा.

गोळी मात्र रोज देऊ नका. आईच्या मूत्रपिंडाला ती सोसणार नाही. आणि बाबा, कानाचे यंत्र या महिन्यात घ्याच, कारण ऐकू न येणे हेही स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे.

तुमची लेक