नवोदय की सैनिक शाळा?

महोदय,
पाचवीतल्या मुलांचे पालक सहावीच्या प्रवेशासाठी नवोदय (केंद्र सरकारच्या निवासी शाळा) आणि सैनिक शाळा असे दोन्ही अर्ज एका दमात भरून टाकतात. गोंधळ होतो तो नवोदयच्या अर्जात. तिथे किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. मधेच महिनाभर जरी नगरपालिका हद्दीतल्या शाळेत नाव घातले असेल, तरी मूल शहरी गटात मोजले जाते. शिवाय परीक्षा एकदाच देता येते. पुन्हा पाचवीत बसवून उपयोग नाही.

दोन्हींसाठी एकच गाईड घोकणे हाही वेडेपणाच. नवोदयला दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे, आकृत्यांचे. सैनिक शाळेच्या सहावीच्या परीक्षेत 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मुले गोल कोरे ठेवून येतात!

निवड करताना खर्च पाहावा. नवोदयमध्ये राहणे, जेवण, पुस्तके मोफत. सातारच्या सैनिक शाळेची वर्षाची फी लाखाच्या वर जाते आणि शिष्यवृत्ती उत्पन्नावर ठरते. तिथे लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणीही असते. नवोदयची काही मुले नववीत वर्षभर परराज्यातल्या नवोदयात पाठवतात, हे मात्र आईवडिलांना आठवीच्या शेवटी कळते.

– एक शिक्षक