फाइट कोणी बसवली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रूस लीवरचा लेख वाचला. फोटो एकदम कडक, पण वाचून असं वाटतं की कुंगफूचा सिनेमा १९७१ ला एका माणसाने एकट्याने उभा केला आणि २० जुलै १९७३ ला तो ३२व्या वर्षी गेला तिथे विषय संपला. मी पण ब्रूस लीचाच फॅन आहे, त्याला कमी लेखायचा प्रश्नच येत नाही, पण लेखात जी माणसं आलीच नाहीत त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

हाँगकाँगच्या पिक्चरमधली मारामारी बरीचशी आली ती चिनी ऑपेराच्या स्टेजवरून. ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उंच आवाजात गाणारी बाई येते, पण पेकिंग ऑपेरात गाण्याबरोबर कोलांट्या, तलवारी, भाले सगळं असतं आणि ते सगळं ढोल-झांजेच्या ठेक्यावर. ज्यांनी कोकणात दशावतार बघितलाय त्यांना लगेच कळेल, पखवाज तापला की राजा आणि राक्षस कसे पाय आपटत तलवारी भिडवतात आणि मधेच गपकन थांबून पोज घेतात, तसंच ते. कुंगफू पिक्चरमधे दोन-तीन फटके, क्षणभर थांबणं, एकमेकांकडे बघणं, परत फटके असं जे चालतं ना ती लय तिथलीच आहे.

१९६६ ला हाँगकाँगचा दिग्दर्शक किंग हूने 'कम ड्रिंक विथ मी' काढला, त्यात तलवार चालवणारी हिरॉईन चेंग पेई-पेई मुळात बॅले शिकलेली, आणि किंग हू स्वतः म्हणायचा की मला कुंगफू येत नाही, मी ऑपेरातून घेतो. त्याच्या फाइट्स बसवायचा हान यिंग-चिएह, हा पण ऑपेरातला. ट्रॅम्पोलिनवरून उडी मारायची आणि एडिटिंगमधे तिचे छोटे छोटे तुकडे असे जोडायचे की माणूस उडतोय असंच वाटावं. आणि गंमत बघा, पाच वर्षांनी आलेल्या ब्रूस लीच्या 'द बिग बॉस'मधला तो शेवटचा म्हातारा व्हिलन म्हणजे हाच हान यिंग-चिएह, फाइट डायरेक्टर पण तोच. लेखात 'द बिग बॉस'वर अख्खा परिच्छेद आहे, याचं नाव कुठेच नाही!

दुसरं म्हणजे यू जिम-युएन यांची हाँगकाँगमधली ऑपेरा शाळा. आईबाप मुलाला करार करून तिथे ठेवायचे, जॅकी चॅन सातेक वर्षांचा होता तेव्हा त्याच्या वडिलांनी दहा वर्षांचा करार केला होता. पहाटेपासून कसरत, तासनतास हातांवर उभं राहणं, चुकलं की छडी. (आजच्या काळात असली शाळा एक दिवस चालणार नाही आणि चालूही नये.) पण ही पोरं तयार झाली तोपर्यंत ऑपेराचा प्रेक्षकच आटला होता, मग करणार काय, सिनेमात स्टंटमन म्हणून उड्या मारायला लागली. 'एंटर द ड्रॅगन'च्या सुरुवातीला ब्रूस लीशी लढणारा जाडा तरुण आठवतो? तो सॅमो हंग, याच शाळेतला. त्याच पिक्चरमधे ब्रूस ली ज्याची मान मोडतो तो एक पोरगा जॅकी चॅन. आणि ब्रूस लीच्या नावावर आपण ज्या कोलांट्यांना शिट्ट्या मारल्या त्या मारणारा युएन वाह, तोही तिथलाच. फटके ब्रूस लीचे स्वतःचे होते, त्याबद्दल वादच नाही, पण हवेतली कसरत दुसऱ्याची होती.

आता सगळंच स्टेजवरून आलं असं पण नाही. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'चा दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग कुंगफूच्या खऱ्या गुरू-शिष्य परंपरेतला, त्याचे वडील लाम साई-विंगचे शिष्य आणि लाम साई-विंग हे वाँग फेई-हुंग या खऱ्याखुऱ्या कुंगफू गुरूचे. त्याच वाँग फेई-हुंगची भूमिका १९४९ पासून सत्तरच्या वर पिक्चरमधे केली क्वान तक-हिंगने, आणि तो परत ऑपेरातलाच नट! म्हणजे तालीम आणि रंगमंच सेटवर एकत्र आले आणि त्यातून हे रसायन झालं.

मग १९७८ ला युएन वू-पिंगने 'ड्रंकन मास्टर' काढला, त्यातला दारुडा गुरू म्हणजे त्याचे स्वतःचे वडील, ते पण ऑपेरावाले. आणि हाच युएन वू-पिंग पुढे १९९९ ला 'द मॅट्रिक्स'च्या फाइट्स बसवायला हॉलिवूडने बोलावला, त्याने आधी नटांकडून चारेक महिने तालीम करून घेतली, मगच शूटिंग. दुसऱ्याच वर्षी त्यानेच फाइट्स बसवलेला 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन', चार ऑस्कर. त्यानंतर वायरवर लटकून मारामारी करायची जी साथ जगभर आली त्यात आपलं बॉलिवूड पण सापडलं, बरंचसं बघवत नाही ते सोडा.

चार ऑस्कर म्हटलं खरं, पण फाइटचा ऑस्करच नव्हता तेव्हा. हाँगकाँगच्या फिल्म अवॉर्ड्समधे ॲक्शनचं बक्षीस १९८३ पासून आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारात ते आलं २०१७ च्या सिनेमांपासून, पहिलं 'बाहुबली २'ला. ऑस्करवाल्यांनी तर २०२५ ला जाहीर केलं, तेही २०२७ च्या सिनेमांपासून लागू.

तर विनंती एवढीच, तुमच्या सिनेमाच्या परीक्षणाखाली जी चौकट असते त्यात दिग्दर्शक, कलाकार, संगीत, छायाचित्रण सगळं येतं, त्यात एक ओळ ॲक्शन डायरेक्टरची वाढवा. जागा कमी पडली तर स्टारमधला एखादा स्टार कमी करा, चालेल.

आपला,
एक जुना वाचक, सांगली