चेस की सुएल

सिनसिनाटी

मन्या,

फोनवर तुझं बोलणं झालं पण माझं सुरूच व्हायचं होतं, म्हणून लिहायलाच बसलो. डेट्रॉइटमध्ये राहतोस, तिथल्या लायन्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या मॅचेस सोडत नाहीस आणि मला सांगतोस की २०२१ च्या ड्राफ्टला, म्हणजे टीम्स आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, आमच्या सिनसिनाटीच्या बेंगल्सनी पाचव्या पिकवर जमार चेस घेतला तेच बरोबर, आधी रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, फेकणाऱ्याला वाचवणारी लाईन काय नंतर भरता येते. नाही रे, मला हे अजिबात पटत नाही.

त्याच्या आधीचं वर्ष आठव. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो, त्याला पहिल्या नंबरवर घेतला आणि नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याचा डावा गुडघाच गेला. लाईन त्याला सांभाळू शकत नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं, समोर पेने सुएलसारखा टॅकल, म्हणजे लाईनच्या कडेचा रक्षक, होता, आणि आम्ही चेस घेतला, कारण तो आणि बरो एलएसयू कॉलेजला एकत्र खेळलेले, २०१९ च्या सीझनला चॅम्पियन झालेले. चेस भन्नाटच निघाला, पहिल्याच सीझनला १४५५ यार्ड, २०२४ ला तर कॅच, यार्ड, टचडाऊन तिन्हींत लीगमध्ये पहिला. जीव आहे माझा त्या पोरावर.

पण त्याच २०२१ ला बरो ५१ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टेनेसीविरुद्ध प्लेऑफला एका मॅचमध्ये ९ वेळा, तरी जिंकलो. मग सुपर बोलला, म्हणजे लीगच्या फायनलला, रॅम्सनी ७ वेळा पाडला. शेवटी चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा, चेस त्याच्या माणसाला मागे टाकून पुढे निघालेला, आणि रॅम्सच्या अॅरन डोनाल्डनी बरोला धरून गरकन फिरवला, बॉल कसाबसा हातातून सुटला आणि संपलं, २३-२०. जगातला बेस्ट रिसीव्हर मोकळा असून काय करायचं, फेकणाऱ्याला उभं राहायला तीन सेकंद मिळत नसतील तर?

तू म्हणशील चेस नसता तर सुपर बोलपर्यंत पोचलाच नसतात. ते मान्य आहे मला. पण टॉपचा टॅकल पहिल्या राउंडनंतर क्वचित मिळतो, रिसीव्हर मिळतात. आमचा रिसीव्हर टी हिगिन्स दुसऱ्या राउंडचा. आणि तुमचंच बघ ना, सातव्या पिकवर सुएल, आणि त्याच ड्राफ्टला चौथ्या राउंडमध्ये, ११२ व्या नंबरवर, रिसीव्हर अमन-रा सेंट ब्राउन! दोन्ही मिळाले की तुम्हाला! आम्ही दुसऱ्या राउंडला लाईनमधला जॅक्सन कारमन घेतला, त्याची जागा कधी पक्की झाली नाही, आणि मग लाईनसाठी फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंवर, पैसे ओतत बसलो. तुमच्या टीमला तीस वर्षांत एक प्लेऑफ मॅच जिंकता आली नव्हती, ती जानेवारी २०२४ ला जिंकली, ती अशा लाईनच्या जोरावर.

आता आमचा डिफेन्स गळका आहे म्हणून इथे काही जण म्हणतात कॉर्नर घ्या, सेफ्टी घ्या, म्हणजे मागे राहून पास अडवणारे. मी म्हणतो तिथेही सुरुवात लाईनपासूनच, डिफेन्सच्या लाईनपासून. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल बघ, ईगल्सनी समोरच्या क्वार्टरबॅक माहोम्सवर एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे जास्तीची माणसं धाडली नाहीत, पुढच्या चौघांनीच त्याला हैराण केला, ६ सॅक, ४०-२२. त्या लाईनमधले जेलेन कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस दोघंही पहिल्या राउंडचे आहेत.

एक सांग, आज बेंगल्स म्हणाले चेस घ्या आणि सुएल द्या, तर तुमचे लोक देतील का? मला वाटतं नाही देणार. तुझं उत्तर लिहूनच पाठव, फोनवर तू विषय बदलतोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू