सूनमुखाच्या आरशात पोपटी टी-शर्ट: लग्नाच्या फोटोंबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
लग्न छायाचित्रण विभाग,
ठाणे (पश्चिम)

विषय: नौपाड्यातील लग्न व नेरूळ येथील स्वागत समारंभ यांत तुमच्या दोन छायाचित्रकारांच्या पोशाखामुळे आणि वागण्यामुळे बिघडलेले काम, दुरुस्ती व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या मुलीच्या लग्नाचे १,८४६ फोटो आणि दोन्ही दिवसांचे व्हिडिओ तुमच्याकडून मिळाले. आम्ही दोघेही अल्बम छपाईच्या व्यवसायात असल्यामुळे एकेक फ्रेम मोठी करून पाहिली. करारात चार जणांची 'व्यावसायिक टीम' लिहिलेली आहे. त्यांपैकी दोघांचे काम चोख आहे, त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही. उरलेल्या दोघांविषयी फोन केला तेव्हा तुमच्या कार्यालयातून उत्तर आले, "कपड्यांचं काय घेऊन बसलात, फोटो बघा." फोटोच बघितले. कपडे त्यांत आहेत.

सूनमुखाचे फोटो उघडून बघा. सासू आरशात सुनेचे मुख पाहते, तो आरसा तुमच्या ज्येष्ठ छायाचित्रकाराने अगदी योग्य कोनातून टिपला आहे. पण अकरापैकी नऊ फ्रेममध्ये मुलीच्या खांद्यामागे, आरशातच, झगझगीत पोपटी टी-शर्ट घातलेला तुमचा दुसरा माणूस उभा आहे. छातीवरचे जिमचे नाव उलट्या अक्षरांत वाचता येते. त्याच जागी गडद राखाडी शर्ट असता तर तो मागच्या सावलीत विरून गेला असता आणि कुणाच्या लक्षातही आले नसते. लग्नात असे आरसे जागोजागी असतात: घासलेली समई, चांदीचे ताट, तांब्याचा कलश, काकांचा चष्मा. दोन कॅमेरे एकाच खोलीत असतील तर एकाचे कपडे दुसऱ्याच्या फोटोत उतरणारच, हे तुमच्या टीमला सांगायला आम्ही लागू नये.

दुसरा बिघाड याहून किचकट आहे. मुंडावळ्या बांधतानाचे जवळचे फोटो याच पोपटी शर्टवाल्याने चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवरून काढले. खिडकीचा उजेड आणि फ्लॅश त्याच्या छातीवर आदळून मुलीच्या हनुवटीखाली आणि एका गालावर हिरवट छटा घेऊन आला आहे. निऑन रंगाच्या कापडाचे हेच होते, ते साध्या रंगीत कापडापेक्षाही जास्त उजेड परत फेकते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा एकूण तोल, बदलून ही छटा जात नाही, कारण तो संपूर्ण फ्रेमला लागू होतो. हिरवा काढायला गेलो की दुसरा गाल आणि पैठणी गुलाबी पडते. प्रत्येक फोटोत तेवढाच भाग मास्क करून वेगळा दुरुस्त करावा लागतो. असे २१२ फोटो आम्ही मोजले. फोटोमागे सहा-सात मिनिटे धरली तरी हे वीस-पंचवीस तासांचे काम आहे.

पांढरा शर्टही चालत नाही, हे जाता जाता सांगतो. रंग चढत नाही खरे, पण लांबून घेतलेल्या व्हिडिओत स्टेजच्या दिव्यांखाली तोच आधी डोळ्यात भरतो. बाहेरगावच्या टीम सरसकट काळे घालतात. आपल्याकडे शुभकार्यात काळ्या कपड्यावर एखादी आजी हटकतेच, आणि तिचे चुकत नाही. म्हणून गडद राखाडी किंवा गडद निळा, छपाई नसलेला, सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट ही आमच्या मते सरळ निवड आहे. सुतीच का, तर लाजाहोमाच्या वेळी छायाचित्रकार अग्नीपासून हातभर अंतरावर वाकलेला असतो, आणि ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटते. शर्ट लांब हवा आणि खोचलेला हवा. तुमच्या दुसऱ्या माणसाचा आखूड टी-शर्ट उकिडवे बसताना प्रत्येक वेळी वर सरकला आहे आणि कन्यादानाच्या व्हिडिओत सलग चाळीस सेकंद त्याची उघडी पाठ दिसते. तो भाग कापता येत नाही, कारण मंत्र तिथेच आहेत.

आता बुटांचे. दोघांनीही नाड्यांचे, घोट्यापर्यंतचे बूट घातले होते. बोहल्यावर पादत्राणे चालत नाहीत. प्रत्येक वेळी नाड्या सोडण्याचा कंटाळा म्हणून ते खालीच उभे राहिले. परिणामी सप्तपदीचे सगळे फोटो एकाच बाजूने आहेत आणि सातपैकी चार पावलांवर पुढ्यात गुरुजींची पाठ आली आहे. पायातून चटकन निघतील असे रबरी तळव्याचे बूट आणि स्वच्छ, न फाटलेले मोजे एवढीच ही गरज आहे. फरशी गुळगुळीत असेल तर तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे मिळतात, ते वापरावेत. स्टेज लाकडी फळ्यांचे होते, त्यावर जड बुटांनी धावल्यामुळे तिवईवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ स्वागत समारंभात निदान सहा ठिकाणी हादरला आहे. माणूस वाकला की गळ्यातले ओळखपत्र कॅमेऱ्यावर टकटक आपटते, तो आवाजही आला आहे. ते खिशाला क्लिपने लावता येते.

आवाजावरून: फोकस लागल्यावर होणारी 'टीटी' मेनूमध्ये जाऊन बंद करायला दहा सेकंद लागतात. ती केली नाही. गुरुजींच्या कॉलर माइकने मंगलाष्टकांमध्ये ती सतत टिपली आहे.

वागण्याबद्दल लिहिताना हात आखडतो, पण लिहायला हवे. "ओ आजोबा, सरका की", "मॅडम, स्माइल", असे ओरडून चेहऱ्यावर हसू येत नाही. ज्यांना उद्देशून ओरडले त्यांच्या कपाळावर आठ्या येतात, आणि फोटोत त्या आठ्याच आहेत. तुमच्याच ज्येष्ठ छायाचित्रकाराने "काकू, जरा या बाजूला बघता का?" म्हणत, उत्तर येईपर्यंत थांबून काढलेले त्याच पाहुण्यांचे फोटो शेजारी ठेवा. लेन्स तीच, दिवे तेच. मुलीचा पदर नीट करायचा असेल तर करवलीला सांगायचे असते, स्वतः हात लावायचा नसतो. नवरीच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय जायचे नसते, आणि तिथे महिला छायाचित्रकार देण्याचे तुम्ही करारात कबूल केले होते. त्याऐवजी तोंडात तंबाखूचा बार भरलेला माणूस आला. तोंड भरलेले असल्यामुळे तो बोटांनी खुणा करत होता.

मंगळसूत्र बांधून झाल्यावर "गुरुजी, परत एकदा" असे त्या दोघांपैकी एकाने सांगितले, तेव्हा मुलाच्या आत्याने त्याला थांबवले. पहिल्या वेळी तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधीचा फोटो बघत मान खाली घालून उभा होता, हे व्हिडिओत दिसते. विधी पुन्हा करून घेता येत नाहीत. त्यासाठी सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत गुरुजींना भेटून क्रम विचारून घेतात: अंतरपाट कोण धरणार, कोणत्या बाजूला ओढणार, मंगळसूत्र कन्यादानानंतर लगेच की पुढे. घराघराची पद्धत वेगळी असते. अंतरपाट दूर होण्याचा क्षण दोन-तीन सेकंदांचा, त्यात अक्षतांचा वर्षाव. एक जण मुलाच्या बाजूला, एक मुलीच्या, तिसरा समोर पाहुण्यांत, एवढी वाटणी ठरवायची असते. तुमचे तिघेही मुलाच्या बाजूला होते. मुलीचा चेहरा त्या क्षणी कसा होता, हे १,८४६ फोटोंत कुठेच नाही.

चौघांचे दोन दिवसांचे १,६०,००० रुपये आम्ही पूर्ण दिले आहेत, म्हणजे माणशी दिवसाला २०,०००. आमची मागणी अशी: त्या दोघांच्या ८०,००० रुपयांपैकी निम्मे, ४०,००० परत करावेत. २१२ फोटोंची रंगदुरुस्ती तुमच्या खर्चाने, ज्येष्ठ छायाचित्रकाराच्या देखरेखीखाली व्हावी. सूनमुखाच्या नऊ फ्रेममधून तो टी-शर्ट काढून द्यावा. मात्र हे काम मुलीच्या खांद्याची कड न बिघडवता करावे, नाहीतर आहे तसेच राहू द्यावे. महिला छायाचित्रकार का आली नाही याचा लेखी खुलासा द्यावा. आणि हे दोघे तुमचे पगारी कर्मचारी आहेत की त्या दिवसापुरते आणलेले, तेही कळवावे. मोसमात बाहेरची माणसे घ्यावी लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांना आदल्या दिवशी कपड्यांचा फोटो मागवला तरी निम्मे प्रश्न सुटतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू, आणि त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी म्हणून ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही.

कळावे.

वधूचे आई-वडील,
नौपाडा, ठाणे

सोबत: कराराची व पावतीची प्रत; हिरवट छटेच्या २१२ फोटोंच्या क्रमांकांची यादी; व्हिडिओतील हादऱ्यांच्या व 'टीटी'च्या वेळांची नोंद.